पूर्वपक्षावर घेतलेली गाडी

मेहुणेसाहेब,

वयाने धाकट्याला आशीर्वाद आणि नात्याने मानकऱ्याला नमस्कार असे दोन्ही तुम्हाला देणे आहे. त्यांतले जे आधी उपयोगी पडेल ते आधी घ्यावे. इकडे आम्ही दोघे ठीक. तुमचा खुबा कसा आहे हे मी मुद्दामच विचारत नाही, कारण तुम्ही ‘ठणठणीत’ असे उत्तर द्याल आणि ते मला ग्राह्य धरता येणार नाही. भिंतीवरच्या घड्याळाला चावी देण्यासाठी स्टुलावर चढलेला, तिथून पडलेला आणि आता काठीवाचून स्वयंपाकघरापर्यंत न पोचणारा मनुष्य स्वतःच्या प्रकृतीविषयी जे बोलतो, त्याला पुरावा म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात. (परवा फोनवर तुम्ही ‘ठण’ आणि ‘ठणीत’ यांच्यामध्ये कण्हलात. फोन स्पीकरवर होता. तुमची ताई शेजारीच बसली होती.)

प्रस्तुत पत्राचा हेतू एकच आहे: आम्ही तुम्हाला भेटायला का येऊ शकत नाही, हे सप्रमाण सिद्ध करणे. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने ‘जमत नाही हो’ एवढ्यावर भागवावे, हे तुम्हालाही रुचणार नाही. वजनमापांचे निरीक्षक म्हणून तुम्ही स्वतः कोणाचे ‘जवळजवळ किलोभर’ कधी चालवून घेतले नाहीत. तुम्ही पडल्याचे कळले तेव्हापासून ताई रोज सकाळी माझ्यापुढे चहा ठेवताना ‘जाऊ या?’ असे विचारते आणि मी रोज कारणांसहित नकार देतो. आगगाडीने यावे तर मध्ये गाडी बदलावी लागते, आणि दोन फलाटांमधला जिना तिच्या गुडघ्यांना मानवत नाही (आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, फलाटावर नाही). बसने यावे तर माझी कंबर आडवी येते. पेट्रोलची जुनी गाडी होती, ती मी धुराविरुद्ध दिलेल्या एका व्याख्यानानंतर विकून टाकली. (निष्कर्ष श्रोत्यांपैकी कोणालाच पटला नाही, मला पटला, आणि ज्याला पटते त्याला वागावे लागते. गाडी ताई चालवत असे हे खरे, पण विकायला चालवता यावे लागत नाही.) शिवाय माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे: परतीचे नक्की झाल्यावाचून मी उंबरठा ओलांडत नाही. वहिनी गेल्यानंतर आम्ही तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा तुम्ही दुसऱ्यांदा वाढायला उठलात आणि मी परतीची वेळ झाली म्हणून ताटावरून उठलो. ‘तो एकटा तिघांची ताटं उचलत राहिला,’ असे ताई अजून म्हणते. मी तिला एवढेच सांगतो, की ठरले म्हणजे ठरले.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. आमच्याकडे दर रविवारी दुपारच्या चहानंतर सभा भरते. सभा म्हणजे मी बोलतो, ताई विणते आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर ऐकतात. (आठवडाभर ते एकटे बोलत असतात आणि समोरच्याचे तोंड नुसते उघडे असते, रविवारी त्यांना दुसऱ्या बाजूला बसायला आवडते.) या सभेची शिस्त मी चाळीस वर्षांच्या अध्यापनातून आणलेली आहे. ज्या मताचे खंडन करायचे ते आधी त्याच्या कैवाऱ्यांनाही जमणार नाही इतक्या उत्तम रीतीने मांडावे, इतके की त्यांनी ‘अगदी हेच आम्हाला म्हणायचं होतं’ असे म्हणून हात जोडावेत. याला पूर्वपक्ष म्हणतात. मग ते मत मुळासकट उपटावे. याला उत्तरपक्ष म्हणतात. सभ्य माणसे याच क्रमाने भांडतात. मी त्यात माझी एक भर घातली आहे: एका रविवारी पूर्वपक्ष, पुढच्या रविवारी उत्तरपक्ष. मधल्या आठवड्यात श्रोत्यांच्या मनात शंका मुरावी हा उद्देश. शंकेऐवजी दुसरे काही मुरू शकते, हे आजवर लक्षात आले नव्हते.

झाले असे, की डॉक्टरांनी विचारले, ‘सर, गाडी घ्यावी म्हणतो. ते हायड्रोजनचं काय आहे हो?’ विषय मला आवडला, कारण तो दिसायला फार देखणा आणि आतून फार गुंतागुंतीचा आहे. त्या रविवारी मी जो पूर्वपक्ष मांडला तसा मी उमेदीतही मांडला नसेल. विश्वात ज्याच्याइतके विपुल दुसरे काही नाही ते हे द्रव्य. ते टाकीत भरायचे, गाडीच्या पोटातल्या घटात त्याची हवेतल्या प्राणवायूशी गाठ घालून द्यायची, त्या भेटीतून वीज निघते, विजेवर मोटर फिरते, आणि मागच्या नळीतून बाहेर पडते ते निव्वळ पाणी. धूर नाही, वास नाही, आवाज नाही. बॅटरीच्या गाडीला तासन्‌तास तारेने जखडून ठेवावे लागते. हिची टाकी चहाचा कप संपेपर्यंत भरते. (इथे मी कप उचलून दाखवला. डॉक्टरांनी ‘वा!’ म्हटले.) प्रतिज्ञा झाली, हेतू झाला, आता शास्त्राप्रमाणे उदाहरण द्यायला हवे, म्हणून सहज जे तोंडी आले ते दिले: ‘उदाहरणार्थ, इथे एकदा टाकी भरली, की वाटेत कुठेही न थांबता थेट आमच्या मेहुण्यांच्या फाटकाशी.’ ताईच्या सुया थांबल्याचे मी पाहिले. टाका सुटला असेल, असे मी अनुमान केले. मेहुणेसाहेब, इतके चुकीचे अनुमान मी पूर्वी केलेले नाही.

उत्तरपक्षाचा रविवार उजाडण्याआधीच गाडी दारात आली. पैसे तिच्या निवृत्तिवेतनातून साठवलेले, सही तिची, परवाना तिचा; मला फक्त खाली येऊन रंग पाहण्याचे निमंत्रण होते. गाडी पोचवायला आलेला विक्रेता (त्याच्या केसांपासून बुटांपर्यंत सगळे इतके चकचकीत, की आम्ही त्याला ‘पॉलिश’ म्हणू लागलो) माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, ‘सर, आम्हाला ट्रेनिंगमध्येसुद्धा असं कोणी सांगितलं नाही! मॅडमनी तुमचं भाषण म्हणून दाखवलं आणि आमचे साहेब केबिनमधून बाहेर आले.’ पुढे कळले, की ‘मागच्या नळीतून बाहेर पडते ते निव्वळ पाणी’ हे माझे वाक्य आता त्यांच्या शोरूमच्या भिंतीवर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लावलेले आहे. मी तिथे जाऊन शांतपणे मागणी केली, की समोरच्या भिंतीवर उत्तरपक्षही लावावा, नपेक्षा एकाच पक्षाचा निकाल होतो. पॉलिश म्हणाला, ‘नक्की लावू सर, पण त्या भिंतीवर एसी आहे.’

ठरल्याप्रमाणे रविवारी उत्तरपक्ष झालाच. फरक इतकाच, की ताई गाडीतून उतरायला तयार नव्हती, म्हणून सभा गाडीत भरली: ती स्टिअरिंगवर, मी शेजारी, डॉक्टर मागे गुडघे हनुवटीला लावून. मी सांगितले, की हायड्रोजन विपुल आहे खरा, पण तो सुटा कुठेच सापडत नाही. कोणाशी तरी बांधलेलाच असतो, आणि त्याला सोडवून आणायला ऊर्जा मोजावी लागते. सध्या तो बहुतेक नैसर्गिक वायूपासून काढतात, म्हणजे आपल्या नळीतून न निघालेला कार्बन दूरच्या कारखान्याच्या धुराड्यातून निघतो; आपण फक्त खोकणारा माणूस बदलला. पाणी फोडून काढावा तर आधी वीज खर्चून तो काढायचा, मग दाबायचा, गार करायचा, वाहून न्यायचा आणि शेवटी गाडीत त्याची पुन्हा वीज करायची. एवढ्या उठाठेवीत मुळातल्या विजेचा जेमतेम एक तृतीयांश चाकाला लागतो. डॉक्टरांना दृष्टान्त दिला: तुम्हाला माझ्याकडे वाटीभर साखर पाठवायची आहे. ती तुम्ही आधी पाण्यात विरघळवता, ते पाणी बाटल्यांत भरून गावाला वळसा घालून आणता, आणि माझ्या दारात शेगडी मांडून ते आटवून पुन्हा साखर करता. जिना चढून वाटी द्यायला काय हरकत होती? ती वाटी म्हणजे बॅटरी. शिवाय हा वायू इतका सूक्ष्म, की फटीतूनच काय, वेळप्रसंगी धातूतूनही निसटू पाहतो. आणि पेटला तर ज्योत उजेडात जवळजवळ दिसतही नाही. (धुरावरून विस्तवाचे अनुमान कसे करावे हे शिकवण्यात माझी हयात गेली. आता म्हातारपणी घरात अशी वस्तू आली, की जिला धूरही नाही आणि जिचा विस्तवही दिसत नाही.) सर्वांत शेवटी पंप. आपल्या गावात एकच, तोही वेशीबाहेर.

ताईने सगळे ऐकले. हात स्टिअरिंगवरच होते. म्हणाली, ‘पटलं. अक्षर न् अक्षर पटलं.’

‘मग परत करू या.’

‘छे!’

मागून डॉक्टर म्हणाले, ‘सर, याला तुमच्यात काय म्हणतात?’ सर्व विधाने मान्य करून निष्कर्ष नाकारणाऱ्या प्रतिपक्षासाठी शास्त्रात संज्ञा नाही; ज्यांनी शास्त्र रचले त्यांचे संसार झाले नसावेत.

तेव्हापासूनचे हाल थोडक्यात सांगतो. पहिला हाल पाण्याचा. गाडी उभी असली, की तिच्याखाली थारोळे साचते, आणि आमच्या पार्किंगची जागा नेमकी डॉक्टरांच्या दवाखान्याच्या पाटीखाली आहे. भेदरलेले रुग्ण आधी ते पाणी पाहतात, मग पाटी पाहतात, मग एकमेकांकडे पाहतात. एक बाई कवळीचे माप द्यायला आल्या होत्या, त्या ‘आत काहीतरी फुटलंय’ म्हणून परत गेल्या. डॉक्टरांनी स्वतः गाडी घेण्याचा बेत रद्द केला आहे, पण सभेला येतात. फक्त आता ‘वा!’ म्हणत नाहीत. दुसरा हाल पंपाचा. तो गोदामांच्या रांगेमागे आहे, आणि तिथे जाऊन येण्यातच भरलेल्याचा काही भाग संपतो, म्हणजे आपण अंशतः पंपाला जाण्यासाठी पंपाला जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता. पुढच्या खेपेला आमच्यापुढे एकच टॅक्सी होती आणि मी म्हटले नशीब उघडले. पण एक गाडी भरली, की पंपाचा दाब उतरतो आणि तो पुन्हा चढेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे असते. पंपाला दम लागतो, मेहुणेसाहेब, आणि तो तुमच्यासारखा ‘ठणठणीत’ म्हणत नाही, सरळ लाल दिवा दाखवतो. त्यानंतरच्या खेपेला टाकी भरली, पण नळी निघेना. हा वायू इतका गार करून भरतात, की हवेतली ओल गोठून नळीचे तोंड गाडीला चिकटून बसते. मी ओढू लागलो, तर पंपावरची बाई केबिनमधून ओरडली:

‘ओढू नका हो, आजोबा! सुटेल आपोआप.’

‘कधी?’

‘तिच्या मनात येईल तेव्हा.’

मी तिथल्या तिथे तिला उत्तरपक्ष ऐकवला, साखरेच्या दृष्टान्तासकट. ती म्हणाली, ‘हे भरायच्या आधी सांगायचं असतं.’ ताई तोवर गाडीत बसून विणत होती. तिला घाई नव्हती. मला वाटते, आमच्या चौघांत (गाडी, पंप, ताई आणि मी) घाई फक्त मलाच होती. तिसरा हाल सामानाचा. वायूच्या टाक्यांनी डिकीची बरीचशी जागा खाल्ली आहे, आणि उरलेल्या जागेत तुमची ताई गेले काही दिवस सामान लावून पाहते आहे: लोकरीचे सगळे गोळे, दोन्ही जाड पांघरुणे, तिच्या शाळेतला भूगोलाचा जुना नकाशासंग्रह आणि शिवणयंत्र. मी तिला वारंवार सांगितले, की आपण जाणार नाही आहोत, आणि गेलो असतो तरी दोन दिवसांच्या भेटीला शिवणयंत्र लागत नाही. ती म्हणते, ‘हात लावा जरा, आडवं बसतंय का बघू.’ (आडवे बसते.)

तर सिद्धता अशी. इथे भरलेल्या टाकीत गाडी तुमच्या फाटकापर्यंत पोचते. हे मीच दिलेले उदाहरण असल्याने नाकारता येत नाही. पोचेपर्यंत टाकी संपत आलेली असते. तुमच्या गावात हायड्रोजनचा पंप नाही, वाटेतही नाही. म्हणून ही गाडी येऊ शकते, परंतु जाऊ शकत नाही. जिथून परत जाता येत नाही तिथे मी जात नाही. म्हणून आम्ही येत नाही. यात कुठेही फट दिसल्यास कळवावे. एकच उपाय मला सुचतो आणि तो तुमच्या हातात आहे: तुम्ही अर्ज लिहिण्यात वाकबगार आहात, तुमच्या अर्जांनी त्या गावात रस्त्यावरचे दिवे आणले, गटाराची झाकणे आणली, त्याच धारेने एक अर्ज हायड्रोजनच्या पंपासाठी करावा. पंप झाला, की पहिली टाकी भरायला आम्ही हजर. तोवर घड्याळ बंद पडले तरी चालेल, स्टुलावर चढू नये. ताईची माया तुम्हाला ठाऊक आहेच. माझी या पत्राच्या लांबीवरून ओळखावी.

आपला, स्वतःच्याच निष्कर्षाने बांधलेला,
भावोजी

ता. क. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी ताईला वाचायला दिले. (टपालात पडण्याआधी शुद्धलेखन तीच पाहते.) तिने एकही विधान खोडले नाही. एवढेच म्हणाली, की निष्कर्ष एक पायरी अलीकडे थांबला आहे. जी गाडी येऊ शकते आणि जाऊ शकत नाही, ती राहते. मी दुपारभर यात हेत्वाभास शोधला. सापडला नाही.

दुसरे ता. क. आज पॉलिश येऊन गेला. भिंतीसाठी आणखी एखादे वाक्य मिळते का पाहायला आला होता. चहा घेता घेता म्हणाला, ‘सर, मॅडमसारखं गिऱ्हाईक पाहिलं नाही. तुमचं भाषण म्हणून दाखवलं ते गाडी बुक केल्यावर, आमच्या साहेबांची करमणूक म्हणून. त्याआधी एकच प्रश्न विचारला: माझ्या भावाच्या गावात पंप आहे का?’ त्याला खोटे बोलवेना. नाही म्हणाला, आणि जवळपास होण्याची चिन्हेही नाहीत म्हणाला. गिऱ्हाईक गेले असे समजून तो माहितीपत्रके आवरू लागला. ताई म्हणाली, ‘मग हीच द्या.’

मेहुणेसाहेब, मी आजवर समजत होतो, की तिने उत्तरपक्ष ऐकण्याआधी, निव्वळ पूर्वपक्षावर गाडी घेतली. तिने उत्तरपक्षच विकत घेतला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन विचारले, ‘किती दिवस राहायचं म्हणतेस?’ ती शिवणयंत्राला तेल घालत होती. ‘त्याच्या गावात पंप होईपर्यंत,’ म्हणाली. ताटांचा विषय तिने काढला नाही. मग मी माझी पुस्तके कोणती न्यायची ते पाहू लागलो. टाक्यांच्या बाजूला एक निमुळती जागा अजून रिकामी आहे.

तिसरे ता. क. व्यवस्थेविषयी. तुमच्या खुब्याला जिना नको, तिच्या गुडघ्यांना जिना नको. म्हणून वरच्या खोलीत मी, आणि तुमच्या शेजारच्या खोलीत ती. रविवारची सभा तिथेही भरेल, ऐकणारे तुम्ही. गाडी जिथे लावायची ती जागा भिंतीपासून उताराची असावी, पाणी साचते. डॉक्टरांनी निरोप देताना माझा हात बराच वेळ धरला होता. त्यात दुःख किती आणि कोरड्या जमिनीचा आनंद किती, हे वेगळे करता आले नाही.

शेवटचे ता. क. पत्र टपालात टाकायचे राहून गेले, त्यामुळे हाती देतो आहे. या ओळी तुमच्या फाटकाबाहेर, गाडीत बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो. काटा तळाला टेकला आहे. हे अनुमान नव्हे, प्रत्यक्ष आहे. गाडीला आवाज नसल्यामुळे आम्ही आल्याचे तुम्हाला कळलेले नाही. खिडकीतून तुम्ही दिसत आहात: एका हाताने कपाट धरून, त्याच स्टुलावर, त्याच घड्याळाशी. कृपया सावकाश खाली उतरावे असे लिहिणार होतो, पण ताई आत पोचलेली दिसते. ‘उतर! आधी उतर खाली, मग बोल!’ हे इथवर स्पष्ट ऐकू येते, आणि तुम्ही ‘मी ठणठणीत आहे’ म्हणत उतरत आहात, तेव्हा ती सूचना आता अनावश्यक ठरते.

फक्त वर पंपासाठी अर्ज करावा असे जे सुचवले आहे, ते रद्द समजावे. केला असल्यास मागे घ्यावा.